पिल्लाला अंगणाची सवय

जवाहरनगर, १२ डिसेंबर १९८१

पॉमेरेनियनचे पिल्लू उद्या परत करायचे, असे सकाळीच ठरवले होते. सुमतीच्या निधनानंतर माझे मन रमावे म्हणून मुलीने ते आणून दिले. परंतु ते रोज बैठकीच्या खोलीतच लघवी करते. आजही सायंकाळी त्यास कडुनिंबाखाली नेऊन मी स्पष्ट शब्दांत समज दिली. ते नुसते माझ्याकडे पाहत बसले.

शेजारच्या वहिनी कुंपणापलीकडून हसल्या. "भाऊजी, त्याले आर्डर काहून देऊन राहिले? लेकरू आहे ते. शू-शू करा ना!"

त्या आत गेल्यावर मी उकिडवा बसलो. मुलगी तान्ही असताना सुमती तिला पायांवर धरून जो आवाज काढी, तो माझ्या तोंडून कधी निघाला नव्हता. हळूच काढला. शूऽऽ... धुके उतरत होते, आणि तो आवाज माझा वाटेना. सुमतीच माझ्या मागे बसली होती काय? पिल्लाने पाय वाकवले. वाळक्या पानांवर लहानसे तळे झाले.

"सुमती, बघितलेस?" मी मोठ्याने म्हणालो. लाज वाटली नाही. का, कोण जाणे.

पिल्लू धावत आले. ते आता कोठेही जाणार नाही.