सॉरी कोणी म्हणायचं?

४ मार्च
चूक! म्हणे चूक! मानसशास्त्राच्या चाचणीत लाल फुली. ‘नकारात्मक प्रबलन म्हणजे काय?’ — मी ‘शिक्षा’ निवडलं. दुसरं काय वाटणार? नावं तरी धड ठेवा! ऑनलाइन कॉलेज म्हणतं, आपापल्या गतीने शिका. शिकतेय की! चष्म्याच्या दुकानात, जेवणाच्या सुट्टीत, एका हातात मोबाइल, एका हातात घास.

६ मार्च
धडा परत ऐकला. आपण काहीतरी करतो, त्याने त्रास थांबतो, म्हणून पुढच्या वेळीही तेच करतो. गाडीत पट्टा लावला की ती पीं-पीं बंद होते, तसं. बरं.

९ मार्च
नणंद आणि तिचा नवरा जेवायला आले होते. माझा नवरा त्यांच्यासमोर म्हणतो, “हिला आता वेड्यांची डॉक्टर व्हायचंय.” मी म्हटलं, “पहिला पेशंट घरातच आहे!” दोघं खो-खो हसली. पाहुण्यांची पाठ वळली आणि सुरू — अबोला. त्याने केली ती गंमत, मी केला तो अपमान!

१० मार्च
अबोला.

१२ मार्च
एका आजोबांच्या कानामागे चष्म्याची दांडी बसवत होते आणि एकदम लख्ख कळलं. त्याचा अबोला — माझं सॉरी — अबोला बंद. लग्न झाल्यापासून हेच! तो पीं-पीं करणार, मी पट्टा लावणार. चूक कोणाची का असेना! आणि गप्प बसलं की काम होतं, हे त्याला शिकवलं कोणी? मीच! अंगाचा नुसता तिळपापड झाला. आजोबा म्हणाले, “बाई, जरा हळू.”
ह्या वेळी नाही म्हणणार. मेले तरी नाही.

१५ मार्च
नणंदेचा फोन. “वहिनी, म्हणून टाक ना सॉरी. तुझं काय जातं?”
काय जातं! म्हटलं, “तुझ्या भावाला विचार, त्याचं काय जातं.” फोन ठेवला. बरं वाटलं.

१८ मार्च
हा स्वतःचा चहा स्वतः करतो आणि भांडी आपटतो. मी पुढचा धडा लावते, आवाज मुद्दाम मोठा.

२० मार्च
तोच बोलला. स्वयंपाकघराच्या दारात, माझ्याकडे न बघता. “मला सुरुवात करताच येत नाही गं. दर वेळी वाट बघत बसतो, तू कधी बोलशील.”
इतकी वर्षं मला वाटायचं, हा जिंकतोय.