दयाळांचा कौल

१० एप्रिल १९६१, पहाटे
आजही झोप मोडली. सुक्या माडाच्या ढोलीतला दयाळ पक्षी उजाडायच्या आधी सुरू. एक सूर धड नाही. घटकेत बुलबुल, घटकेत साळुंकी, मध्येच आमच्या रहाटाची करकर. असला नर घरटं काय राखणार? विहिरीच्या भिंतीतला दयाळ बघावा. एकच शीळ, तीही कामापुरती. तो ड्युटीवाला.

नात आनंदीला दोन स्थळं. वालावलचा गुरुदास, भजनात रोज नवी चाल काढतो. कुडाळचा गणपत, ऑफिसात आहे, तोंड उघडत नाही. आनंदीला गुरुदास हवा. तिला कोण विचारतंय.

११ एप्रिल
मुलगा म्हणतो, देवळात कौल लावू. हा परशुराम लेकीच्या बाजूचा, गुरव परशुरामाच्या बाजूचा. कौलाला देवाच्या अंगावर लावलेली पाकळी कुठून पडेल ते मला कळतं. देवासमोर नारळ ठेवून गाऱ्हाणं घालून आले, कौल दयाळ देतील. घरट्याखाली बोका सोडायचा. गाणारा पळाला तर गणपत, एकशिळ्या पळाला तर गुरुदास. मोठ्याने बोलले. भिते की काय.

येताना कुडाळला होकारही कळवला. उगाच टाइम कशाला घालवा.

१३ एप्रिल, सकाळी
बोका विहिरीशी पोचायच्या आत एकशिळ्या शेजारच्या पोफळीवर. तिथून तीच शीळ. मादी एकटी बोक्याशी भांडतेय. आनंदी हसली. तिला सांगितलं, लांबून नजर ठेवायला डोकं लागतं.

दुपारी
आनंदी आणि मी माडाकडे गेलो. गाणाऱ्याने गाणं अर्धं टाकलं आणि बोक्याच्या टाळक्यावर आदळला. बोका खळ्यातून गेला तो गेलाच. मग माझा अंबाडा धरला. मी पळाले नाही. तुळशीला पाणी घालायचं राहिलं होतं.
आनंदी म्हणाली, "आजये, कौल झालो."
दुपारचा कौल धरत नाहीत.

१४ एप्रिल, संध्याकाळी
बोका नाही म्हणून मीच झाडू घेऊन माडाखाली उभी राहिले. अंबाडा परत सुटला. कपाळावर ओरखडा. पाखराला माणसाची पारख नाही.
गुरवाला बोलावून विचारलं, दुपारचा कौल बाद ना? तो म्हणाला, "गाऱ्हाणा तुम्ही घातलास, नारळ तुम्ही ठेवलास. आता देवाक फसवतास?"

१५ एप्रिल
गुरुदास. देवाला दिलेला शब्द मी मोडत नाही, माझा स्वभावच तसा.
उद्या कुडाळची माणसं साखरपुड्याची बोलणी करायला येतायत. त्यांना उत्तर परशुरामाने द्यायचं. मी माजघरात निजलेली असेन. मला कोणी हाक मारायची नाही.