कामचुकाराचं कडं

१४ ऑक्टोबर, मंगळवार

आज कारखान्यातल्या सकाळच्या सभेत मालक नागाकुरा साहेबांनी माझी ताटली वर उचलून धरली आणि म्हणाले, "ही आपल्या निशिगाकीची कल्पना." तो क्षण! त्याआधीचा मी वेगळा होतो. हे लिहितोय तो वेगळा आहे.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. हात आपोआप हलले – त्याचाच राग जास्त येतोय.

ताटली माझी आहे – संडासाच्या टाकीवर ठेवायची, जंतुनाशकाची वडी धरणारी. बाजारात मिळतात त्या सगळ्यांची एकच रड. इथे टाकीत भरणारं पाणी टाकीवरच्याच नळातून येतं; त्याखाली हात धुवायला जावं, तर पाणी थेट औषधाच्या वडीवर पडतं, शिंतोडे उडतात, बोटं निळी होतात. माझ्या ताटलीला अळूच्या पानासारखं झाकण आहे. पाणी पानावरून घरंगळतं, कडेच्या भोकातून खाली जाऊन वडीला भेटतं, मग टाकीत उतरतं. बोटं स्वच्छ, भांडंही स्वच्छ. हे मी एकाच माणसाला सांगितलं होतं. मिनोरीला. ऑगस्टमध्ये, कारखान्यामागच्या पायरीवर, बर्फाचा गोळा खाताना. तिने बोटाने हवेत पानाची मधली शीर काढून दाखवली होती. "ही जरा खोल ठेव," म्हणाली होती. ठेवली मी खोल.

मग साहेबांनी दुसरी बातमी दिली. मिनोरी त्यांची मुलगी. येत्या वसंतात तिचं आणि निशिगाकीचं लग्न. पुन्हा टाळ्या.

या मुलीसाठी मी कॉलेज सोडलं. तिची आई गेली, ती शिक्षण अर्धवट टाकून वडिलांच्या ऑफिसात बसली. मग मला वर्गात काय दिसणार होतं? मीही वह्या बांधल्या आणि इथे वड्या ओतायला लागलो. आई अजून फोनवर विचारते, "रसायनशास्त्र शिकायला ओसाकाला पाठवलं होतं ना रे तुला? संडासात टाकायच्या वड्या करायला?"

निशिगाकी काय करतो? विकतो. मालही विकतो, माणसंही.

१५ ऑक्टोबर

झोप नाही. पण डोकं एकदम थंड आहे. ठरलं.

औषध दुकानांच्या एका मोठ्या साखळीची खरेदीदार बाई अकरा नोव्हेंबरला येणार आहे. तिला दाखवायला चाचणीच्या खोलीत दोन संडास चार आठवडे वापरायचे, पण घासायचे नाहीत. एक नंबरला काहीच नाही. दोन नंबरला ताटली. अकरा तारखेला एक नंबरच्या भांड्यात पाण्याच्या रेषेवर काळं कडं धरलेलं असेल, दोन नंबर लख्ख. बाई बघेल, निशिगाकी दात दाखवेल, सौदा होईल.

नाही होणार. दोन नंबरच्या वड्या ओततो कोण? मी! रंग तोच, वास तोच, आत जंतुनाशकाचा थेंब नाही. त्या काळ्या कड्याला इथे सगळे कामचुकाराचं कडं म्हणतात. निशिगाकी, तुझ्या गळ्यात घालतो ते.

आणि मिनोरी? तीही बघेल. बघू दे. निशिगाकीपुढे तोंड उघडलं तेव्हा विचार केला नाही ना.

१६ ऑक्टोबर

पहिली खोटी वडी ठेवली. वर पानाचं झाकण घट्ट बसवलं.

२१ ऑक्टोबर

कारखान्याच्या फाटकाजवळची किनमोकुसेईची केशरी फुलं फुललीत. पॅकिंगमधली तोमिए मावशी येता येता नाक वर करून म्हणाली, "आला बघ, संडासाचा वास आला!" तिच्या पिढीत सगळ्या सुवासिक वड्यांना हाच वास असायचा. फुलांवर तेव्हापासून हा डाग आहे.

मग माझ्या टेबलाशी येऊन कुजबुजली, "मला ती खोली सहन होत नाही रे. एक नंबरकडे बघितलं की हात शिवशिवतात."

"हात लावायचा नाही, मावशी. साहेबांनी ब्रश कपाटात कोंडलेत."

"ब्रश कशाला लागतो? आपण काय ब्रशने घासतो?"

खरं आहे. इथे रोज सभा संपली की साहेबांपासून माझ्यापर्यंत सगळे गुडघ्यावर बसतात आणि कारखान्यातले बाकीचे संडास उघड्या हातांनी पुसतात. साहेब म्हणतात, त्याने माणसाचा ताठा उतरतो. निशिगाकीही पुसतो – मनगटावरचं घड्याळ आधी काढून ठेवून, कुणीतरी बघतंय ना याची खात्री करून.

माझा ताठा उतरला नाही. चढलाय.

२७ ऑक्टोबर

आलं! दोन नंबरमध्ये, पाण्याच्या रेषेवर, आधी गुलाबीसर, मागच्या बाजूला करडं. आत वाकून बघत होतो, अगदी प्रेमाने. एवढ्या प्रेमाने गेल्या दोन आठवड्यांत मी कशाकडेच बघितलं नव्हतं.

दुपारी मिनोरी ओतकामाकडे पाणी प्यायला आली होती. "बरा आहेस ना?" म्हणाली.

"मला काय झालंय?"

"बोलत नाहीस माझ्याशी."

"तू बोलतेस तेवढं पुरे नाही का?"

ती पेला विसळून निघून गेली. मला वाटलं होतं बरं वाटेल. जरा वाटलंही.

३० ऑक्टोबर

कडं नाही.

सकाळी गेलो तर दोन नंबर आरशासारखं. एक नंबर कालच्यापेक्षा काळं. असं कसं होईल? ताटली उघडली, वडी माझीच, खोटीच. वास घेऊन बघितला, बोटावर घासून बघितली. नुसता रंग.

दुपारी निशिगाकी सगळ्यांना सांगत होता, "मध्ये जरा डाग दिसला होता, पण औषधाने धरलं बघा. पहिले काही दिवस लागतात." औषधाने धरलं म्हणे! मेल्या, औषध आहेच कुठे?

३१ ऑक्टोबर

आजही लख्ख. कुणीतरी घासतंय.

४ नोव्हेंबर

काल सुट्टी. आज उजाडता उजाडता बाजूच्या दाराने आत शिरलो. चाचणीच्या खोलीत दिवा. दोन नंबरचं दार बंद, आत पाण्याचा आणि फडक्याचा आवाज. आणि दाराबाहेर चपलांचा जोड. आत संडासाच्या वेगळ्या चपला असतात, तेव्हा ऑफिसातल्या बाहेरच काढाव्या लागतात – राजाला सुद्धा. आकाशी रंगाच्या, विक्री विभागाच्या. आतल्या बाजूला शाईने नाव. निशिगाकी.

तोंडावर हात दाबून पळालो. हसू आवरेना.

म्हणजे त्याला वाटतंय की ताटली चालत नाही! चोरलेला माल सडका निघाला असं वाटतंय त्याला, आणि कुणाला कळू नये म्हणून कोंबडं आरवायच्या आत येऊन गुडघे टेकतो. माझ्या भांड्यापुढे. उघड्या हातांनी. आणि या वेळी बघायला कुणी नाही!

कडं धरण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं झालं. मला एवढं सुचलं नसतं.

एक गोष्ट लक्षात राहिली. चपला दाराकडे पाठ करून, टाचा जुळवून नीट लावलेल्या होत्या. निशिगाकी कधी चपला वळवत नाही. भीतीने माणूस सुधारतो वाटतं.

५ नोव्हेंबर

गेलो. दिवा होता. चपला होत्या. आवाज ऐकत उभा राहिलो, पोटभर.

७ नोव्हेंबर

जेवायच्या सुट्टीत समोरच्या उदोनच्या दुकानात निशिगाकी माझ्याच बाकावर येऊन बसला.

"सोदेओका, तू फार काम करतोस हल्ली. लवकर येतोस म्हणे."

"तुम्हीही येता की."

"मी? मला गजराने सुद्धा जाग येत नाही." हसला. सगळे दात. नूडल्स ओढत म्हणाला, "सौदा झाला की तुला ओतकामातून वर घ्यायला सांगतो साहेबांना. हुशार आहेस. फक्त डिग्री नाही."

खोटं किती सहज बोलतो हा! उदोनचा वाडगा त्याच्या डोक्यावर पालथा घालायला हात निघाला होता. आवरला. सोमवारी सकाळी साहेबांना घेऊन जाणार आहे. दार उघडेल, आणि आत हा, बाह्या वर करून, भांड्यात हात घालून. दुसऱ्या दिवशी बाई येणार, आणि याचं नाव कारखान्यात घ्यायला कुणी उरणार नाही. लग्नाचं तर सोडाच.

मिनोरीसुद्धा तिथे असायला हवी होती. पण एवढ्या सकाळी ती कशी येणार?

१० नोव्हेंबर, सोमवार

कुठून लिहू?

साहेब सगळ्यांच्या आधी येतात. फाटकातच गाठलं. "साहेब, जरा चाचणीच्या खोलीत चला. मी काही सांगत नाही. तुम्हीच बघा."

दिवा. बंद दार. चपला. साहेबांनी खाली वाकून नाव वाचलं. चेहरा उतरला. वाटलं, धाडकन दार उघडतील. ते साहेब आहेत – त्यांनी दोनदा टकटक केली. आणि आतून, संडासात बसलेलं कुणीही सवयीने करतं तशीच, दोनदा टकटक आली. मी हसायच्या बेतात होतो.

मग आतला माणूस घाबरला असावा. दार आतूनच उघडलं. मिनोरी.

बाह्या कोपरापर्यंत. केस रुमालात. हात लाल, ओले. साहेबांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"बाबा, मीच."

"कधीपासून?"

"कडं दिसलं तेव्हापासून."

"निशिगाकीसाठी?"

तिने मान हलवली. "नाही. ताटली या इत्सुकीची, सोदेओकाची आहे. मी निशिगाकींना बोलता बोलता सांगितलं, आणि त्यांनी तुम्हाला आपली म्हणून दाखवली. मी तेव्हाच बोलायला हवं होतं. पण त्याच आठवड्यात आमचं ठरलं, तुम्ही इतके खूष होतात. नंतर दर दिवशी बोलणं अवघड होत गेलं. म्हटलं, नाव तर गेलं त्याचं, निदान ताटली तरी नापास होऊ नये."

मी काय म्हणालो? तर, "मग चपला त्याच्या कशा?"

"माझ्या वरच्या मजल्यावर असतात. खालच्या मांडणीत पहिल्या हाताला लागल्या त्या घातल्या." मग हळूच, "तुझ्या बघितल्या होत्या. घालवेनात."

साहेब ओरडले नाहीत. उंबऱ्यावरच बसले. तिथूनच म्हणाले, "म्हणजे ही न चालणारी ताटली तुझी आहे तर, सोदेओका."

माझ्या तोंडात शब्द होता. चालते साहेब, उत्तम चालते, वडी खोटी आहे, मी केली. एवढंच म्हणायचं. म्हटलं असतं तर ताटली खरी ठरली असती. पण मिनोरी समोर उभी होती आणि तिच्या कोपरावरून पाणी ठिबकत होतं. नाही म्हणता आलं. "हो," एवढंच म्हणालो.

साहेबांनी त्या खरेदीदार बाईला फोन केला. भिंतीकडे तोंड करून, वाक्या-वाक्याला फोनसमोर कमरेतून वाकत. माल तयार नाही, येऊ नका, क्षमा करा. तीन वर्षांत एवढी मोठी मागणी आली नव्हती.

सभेत निशिगाकी स्वतः पुढे आला आणि पार गुडघ्यापर्यंत वाकला. "सोदेओका, मला माफ कर. कल्पना पहिल्यापासून तुझीच होती. सगळ्यांसमोर सांगतो. सगळीच्या सगळी तुझी!" किती मोकळा झाला होता! ओली छत्री दुसऱ्याच्या हातात देऊन मोकळं व्हावं तसा. साहेबांनी माझं नाव घेतलं, पूर्ण, मोठ्याने. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत.

तोमिए मावशीने जाताना आपल्या डब्यातला भाताचा गोळा माझ्या हातात कोंबला. "होतं असं. पहिल्याच फेरीत कुणाची टिकते? खा."

मिनोरी नंतर जिन्यात भेटली. "फार चिडलायस?" म्हणाली. "हवं तर माझ्यावर चीड. पण कामावर यायचं बंद करू नकोस." मी मान डोलावली. लग्नाचं काय, ते मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही.

सूड पुरा झाला. निशिगाकीचा सौदा गेला. साहेबांचा गेला. माझं नाव मला परत मिळालं. जे जे मागितलं ते सगळं मिळालं – आणि या सगळ्यात शिक्षा झाली ती त्या एकटीलाच, जिला मनातून वाईट वाटत होतं!

११ नोव्हेंबर

आज कुणी आलं नाही. चाचणीची खोली तशीच होती, ब्रश कपाटातच.

दोन नंबर घासलं. मग ताटली उघडून खोटी वडी काढली आणि खरी ठेवली, जंतुनाशकाची, कालच्या रात्रपाळीच्या साच्यातली. टाकी सोडली. पाणी पानावरून घरंगळलं, मधल्या खोल शिरेतून कडेला गेलं, भोकातून उतरलं. बोटांना थेंब नाही.

मी उभ्या उभ्या एकाच ओळीचा राजीनामा लिहून साहेबांच्या मेजावर ठेवला. त्यात वडीचं काही लिहिलं नाही. महिन्याभराने कुणीतरी आत वाकून बघेल, कडं नसेल, आणि मिनोरीला आधीच्या वड्यांचं सगळं समजेल. ती हुशार आहे. तेव्हा तिच्या समोर उभं राहावं लागू नये, एवढीच सोय मी करून घेतली आहे.

काचेपलीकडे ती फोनवर बोलत होती. मला बघून एक बोट वर केलं – थांब, आलेच.

मी बाहेर पडलो आणि दार लावून घेतलं.