आदी तुमी

६ मार्च १९७८, सोमवार

आलो एकदाचे सोलापुरात! स्टेशनाबाहेर टांग्यात बसताच सोना म्हणाली, एवढं ऊन आपल्या माळशिरसात बी न्हाय. तिला सहावा महिना, त्यात एस.टी. आणि रेल्वेची धडधड, तरी स्वारी खुशीत आहे. गिरणीने अक्कलकोट रोडला दोन खोल्या दिल्यात. मागे कडुनिंब आहे, नळाला पाणी आहे. नव्या संसाराला आणखी काय पाहिजे?

गिरणीतली माझी खोली तर याहून भारी. टॉवेल-चादरींच्या धुरळ्यात सगळे घामाघूम, आणि कॉम्प्युटरला तेवढी गार हवा! त्यामुळे काही ना काही निमित्त काढून जो तो तिथे डोकावतो. खोली सांभाळणारे धुळाबा म्हणून एक वयस्क गृहस्थ आहेत. ते प्रत्येकाला चपला बाहेर काढायला आणि पाय पुसायला लावतात. मॅनेजरसाहेबही मुकाट्याने पुसतात. मला माणूस एकदम आवडला.

८ मार्च, बुधवार

मशीन सारखं अडकतं, त्याचा रोग सापडला. सोनाला समजावलं तसंच लिहितो. मशीनच्या ऑपरेटिंग सिस्टिमचा जो गाभा, तो घरातला कारभारी. कोणत्या कामाला कधी काय द्यायचं ते तो ठरवतो. एकाने एखादी वस्तू घेतली की तिला कुलूप. त्याचं होईपर्यंत दुसऱ्याने थांबायचं. इथे घोटाळा असा, की पगाराचं काम डिस्क धरून प्रिंटरची वाट बघतं, आणि सुताच्या साठ्याचं काम प्रिंटर धरून डिस्कची. हातातलं कोणीच सोडत नाही. मशीन बिघडत नाही, दिवे चालू असतात, पंखा फिरत असतो. नुसतं थांबलेलं असतं. मग धुळाबा दोघांतलं एक काम मारतात, की दुसरं जागचं हलतं. वर्षभर गिरणी असाच गाडा ओढतेय.

सोना म्हणाली, मग त्यातल्या एकानं समजूतदारपणा दाखवावा की. मी म्हटलं, तोच तर शिकवायला मला पाठवलंय.

१३ मार्च, सोमवार

जमलं! गाभ्यात क्रम लावून दिला. आधी डिस्क, मगच प्रिंटर, सगळ्यांना एकच नियम. पगार आणि सूत दिवसभर एकत्र चालवलं, एकदाही अडकलं नाही. मॅनेजरसाहेबांनी पेढे मागवले. मी दोन खाल्ले आणि दोन सोनासाठी रुमालात बांधले.

पेढ्यांना दुसरंही निमित्त होतं. धुळाबांच्या लेकीची सुपारी फुटली. सोयरीक जुळली ती मागखात्यातल्या बिरदेव जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या, मुलाशी. संध्याकाळी हे नवे व्याही गार खोली बघायला आले, आणि दारात काय मजा! धुळाबा म्हणाले, तुमी मुलाकडचे, मान तुमचा, आदी तुमी. बिरदेव म्हणाले, तुमी वयानं थोर, असं कसं, आदी तुमी. दोघांचंही बरोबर, त्यामुळे कोणीच हटेना. मी हसत हसत दोघांच्या मधून अंग चोरून बाहेर पडलो आणि घरी आलो.

१४ मार्च, मंगळवार

ते अजून दारातच आहेत. हात तसेच पुढे केलेले, चेहऱ्यावर तेच हसू. रात्रपाळीवाल्यांना वाटलं थट्टा चाललीय. चौघांनी मिळून ओढलं, पण जमिनीत पुरलेल्या खांबासारखे दोघं हलेनात. डॉक्टर येऊन नाडी बघून गेले. ठीक आहे म्हणाले. पाण्याचा तांब्या पुढे केला तर धुळाबा म्हणतात, आदी पावण्यांना. बिरदेवही तेच म्हणतात. बळेच ओतलं ते ओठांवरून ओघळून गेलं.

मशीन मात्र झकास चाललंय. आज पहिल्यांदाच त्या आवाजाचा मला राग आला.

१६ मार्च

बिरदेवची बायको बाळाबाई सगळ्यांदेखत माझ्या पाया पडली. साहेब, तुमी मशीन सोडवलंसा, आता ह्यांना बी सोडवा की, म्हणत होती. मशीनमध्ये अडकलेलं सोडवायची धुळाबांची रीत मला ठाऊक आहे. ती त्या बाईला कोणत्या तोंडाने सांगू?

आता मला भीती वाटतेय. मी ते कुलूप तोडलं असं मला वाटलं होतं. मी ते फक्त बाहेर काढलं.

१७ मार्च

जुना गाभा परत चढवला. होता तसा, चुकीसकट. कुलूप आत परत जाईल, दारातले सुटतील, एवढीच आशा. पगार सोडला, सूत सोडलं. अडक म्हणालो. अडक रे बाबा. त्या लोखंडाला हात जोडले.

अडकत नाही. तोच कोड, तीच चूक, आणि प्रिंटर आपला खडखडतोय. जे बाहेर आलं ते आत जायला तयार नाही.

१८ मार्च

बिरदेव गेले. ऊन कलताना मान पडली. त्याच क्षणी धुळाबांनी उंबरा ओलांडला — सहज, पाच दिवसांत काहीच झालं नसल्यासारखं. आत जाऊन मागे वळले आणि म्हणाले, या की पावणं, लई गार हाय हितं.

बाळाबाईची किंकाळी अजून कानात आहे.

१९ मार्च

मयतीला गेलो. येताना नळावर दोन बाया. दोघींचे हंडे रिकामे, दोघी एकमेकींकडे बघून हसतायत — पाणी वाहून चाललंय. पुढे बोळात दोन सायकलवाले, समोरासमोर. त्यांनाही तेच हसू. मी पळतच घरी आलो.

सोना उपाशी थांबली होती. ताटं वाढलेली. भाकरी, पिठलं. मी हातपाय धुतले आणि म्हणालो, तुझ्या पोटात बाळ, आधी तू जेव. सवयीने म्हणालो. तोंडातून निघून गेलं. ती म्हणाली, तुमच्या आदी मी कशी जेवू —

दोघांचंही बरोबर.

२० मार्च

समोरासमोर बसलोय. हात डायरीकडे जातो. ताटाकडे जात नाही. तांब्याकडे जात नाही. बोलायला गेलो की एवढंच निघतं — आधी तू. शेजारचे ओढून दमले, रडून गेले.

ती हसतेय. माझी सोना अशी हसत नाही.

२१ मार्च

एकाला जावं लागणार. तिच्यात दोन जीव, माझ्यात एक. एवढा साधा हिशेब. तर मग मी. देवा, मी —

पण तिचे ओठ फुटलेत. माझ्याआधी ती —

पदराखाली बाळ हलतं. दिसतं इथून.

२२

जीभ सुजली. भाकरी वाळून — तिची मान खाली खाली येतेय. सोना, धर. थोडं धर. आधी मी. एवढं एकदा तरी ऐक माझं —

तारीख —

तिची बोटं हलली. हात हलला — ताटाकडे —

जेव गं, सोना. जेव. म्हणजे आता मी