वरच्या खोलीत कोण राहतं

१२ मे
घरपट्टीच्या मोजणीला माणूस आला. जिना, गॅलरी, सगळं मोजलं. मग विचारलं, "वरच्या खोलीत कोण, भाडेकरू?" भाडेकरू म्हटलं की पट्टी वाढते, आमच्या सगळ्या रहाटणी गावाला पाठ आहे. तोंडातून निघूनच गेलं, "भाडेकरू कुठली? भाची हाय माझी." वळून बघते तर जिन्यात शिल्पा! चाकणच्या कंपनीतून रात्रपाळी करून आलेली, हातात डबा. गालात हसली आणि वर गेली. हे मात्र माझ्याकडे बघत राहिले. बघू देत.

१३ मे
दीड वर्ष 'काकू' म्हणणारी पोरगी आज म्हणते, "मावशी, पाणी आलंय का?" मोजणीवाला तर कालच गेला!

१९ मे
शिल्पाने बीडकडची शेंगदाण्याची चटणी करून आणली. हे बीपीची गोळी विसरले म्हणून ह्यांना झापलंही तिनं. हे मुकाट्यानं ऐकतात तिचं. माझं कधी ऐकलंय?

२४ मे
ह्यांनी तोंड उघडलं. "भाडं घेतो ना आपुन? मग खोटं कशाला? अर्ज दे, भाडेकरू हाय म्हणून." घर माझ्या नावावर, तेव्हा सही माझी. जन्मभर कंपनीचा एक स्क्रू घरी आणला नाही या माणसानं. मी भांडले, "पोरीला काय वाटंल?" "मग भाडं घिऊ नको." भाड्यावर किराणा चालतो.

१ जून
शिल्पा भाडं घेऊन आली. जीव घट्ट करून म्हटलं, राहू दे. तिचा चेहराच उतरला. "का हो मावशी? खोली दुसऱ्याला द्यायची का?" अगं बाई! मग सगळं सांगितलं. आधी हसली, मग म्हणाली, "लिहा की भाडेकरू. भाडं देते म्हणून तर हक्कानं राहते. भाचीला चार दिवसांनी निघावं लागतं." पैसे फ्रिजवर ठेवून गेली. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

४ जून
अर्ज तयार आहे. हे रोज पेन आणून ठेवतात, मी रोज उचलून ठेवते. पट्टी वाढेल ती वाढो. पण कागदावर 'भाडेकरू' लिहून दिल्यावर, उशिरा आली म्हणून तिला ओरडायचं कोणत्या तोंडानं?