आईच्या वहीची चाळीस कार्डं

१० फेब्रुवारी, सकाळी ७.१०
नाव नोंदवलं. ह्युऑन नदीकाठच्या जुन्या स्काउट कॅम्पवर दर मार्चात चार दिवस कलाकारांचं शिबिर भरतं. कागद, चिंध्या, गंजके पत्रे, बटणं, हाताला लागेल ते चिकटवायचं आणि त्याला कला म्हणायचं. माझी धाकटी बहीण ग्लेनिस सतरा वर्षं न चुकता जाते. हा निव्वळ योगायोग. ताकाला जाऊन भांडं लपवण्यातला मी नाही. मी कलेसाठी चाललोय.

नियम दोनदा वाचले. प्रत्येकाने खेळातल्या पत्त्याएवढी, हाताने केलेली कार्डं आणायची आणि एकमेकांत अदलाबदल करायची. नियम चौथा: समोरच्याने कार्ड पुढे केलं की नाही म्हणायचं नाही. त्याचं घ्यायचं, आपलं द्यायचं, दोन शब्द बोलायचे.

ग्लेनिस अकरा वर्षं माझ्याशी बोललेली नाही. पण नियम म्हणजे नियम.

१३ फेब्रुवारी
संकल्प: रोज दोन कार्डं. आज शून्य. गोंद चांगला नाही.

१५ फेब्रुवारी
तीन झाली. त्यातली दोन एकमेकांना चिकटली. शेजारीण मॉरीन तिसरं बघून म्हणाली, हे काय नेव्हिल, पार्किंगची पावती का? तिला दृष्टीच नाही.

कार्डं कशी करायची त्या व्हिडिओतली बाई सांगते, जुने, खरे, हाताने लिहिलेले कागद वापरा, त्यांत जीव असतो. चर्चच्या जुन्या वस्तूंच्या दुकानातून जुनी बिलं आणली. जीव नाही.

१९ फेब्रुवारी, दुपारी
सुचलं! आईची पाककृतींची वही!

वहीबद्दल एकदा लिहून ठेवतो, म्हणजे उगाच गैरसमज नकोत. आई शेवटची सहा वर्षं ग्लेनिसकडे होती. मी दर नाताळला जायचो. गाडीने साडेतीन तास, म्हणजे काही खायचं काम नाही. आईला पुरलं त्या दिवशी ग्लेनिसच्या स्वयंपाकघरातून वही मी उचलली, नीट राहावी म्हणून. मग ग्लेनिसची पत्रं सुरू झाली, वही पाठव. पोस्टात गहाळ झाली असती तर? तिसऱ्या पत्रात साधं ‘प्लीज’सुद्धा नव्हतं, तेव्हा मीही ताणून धरलं. चौथं पत्र आलं नाही. वही अकरा वर्षं वॉशिंग मशीनवरच्या कपाटात आहे, अगदी सुरक्षित.

आता त्याच वहीचं कार्ड तिच्या हातात पडेल. आईचं अक्षर, भावाची कला. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं नाही तर नावाचा नेव्हिल नाही.

२२ फेब्रुवारी
कापली. चाळीस कार्डं झाली. पानं डाग बघून निवडली. चहा, लोणी, मनुकांचा रस. असा रंग विकत मिळत नाही. मागच्या बाजूचं लिहिलेलं गोंदाखाली गेलं, त्याला इलाज नाही. एका पानापाशी हात जरा थांबला. चष्मा पुसला आणि कापलं.

उरलेली पानं, तुकडे आणि पुठ्ठे रद्दीच्या, पिवळ्या झाकणाच्या डब्यात टाकले. घर आवरलेलं बरं असतं.

६ मार्च, संध्याकाळी
पोचलो. सगळा कारभार रेलीनकडे. चमचे वाकवून केलेल्या बांगड्या घालते, चालली की खुळखुळते. तिने माझ्या गळ्यात कार्डांची कापडी पिशवी अडकवली आणि म्हणाली, घाबरू नकोस, इथे सगळे वेडेच आहेत. खोलीत डेन्झिल नावाचा गृहस्थ. बिअरच्या डब्यांचे पक्षी करतो.

ग्लेनिस जेवणाच्या रांगेत दिसली. केस पांढरे झालेत. तिने मला बघितलं आणि रांग सोडून सूपच्या रांगेत गेली. तिला पहिल्यापासून सूप आवडतं.

धोरण: आधी बाकीच्यांना द्यायची. गाजावाजा झाला की मग ग्लेनिस. आज नऊ खपली.

७ मार्च, सकाळी
आणखी वीस. डेन्झिलने कार्ड उजेडात धरलं आणि विचारलं, हे अक्षर खरंच कुणाचं आहे का? म्हटलं, माझ्या आईचं, अस्सल. तो म्हणाला, अरे, मग कात्री लावायला हात कसा धजला तुझा? कलाकारांत असूया फार.

७ मार्च, संध्याकाळी ५
काय सांगू! रेलीन खुळखुळत आली. म्हणाली, ग्लेनिसने तिच्या हातातलं माझं कार्ड पाहिलं आणि चहाचा कप खालीच ठेवला. कुणाचं म्हणून विचारलं. कार्डामागचं माझं नाव वाचलं. मग म्हणाली, हे मला दे, माझ्या टेबलावरचं हवं ते घे. आणि स्वतः शिवलेलं कापडाचं पुस्तक देऊन टाकलं. चार महिन्यांचं काम!

डेन्झिललाही तिने भरतकामाची उशी दिली, एका कार्डासाठी. टेबलाटेबलावर जाऊन विचारतेय, नेव्हिलचं कार्ड कुणाकडे आहे? म्हणजे माझी बहीण माझी कार्डं जमवतेय. राहिलेली दहाही लोकांनी हातोहात नेली. एक ठेवलं, क्रमांक एक, तिच्यासाठी.

रेलीन जाताना म्हणाली, नेव्हिल, तू तिचा चेहरा बघितलास का? म्हटलं, खरी कला माणसाला हलवतेच. पुढच्या वर्षी साठ करावीत.

८ मार्च, सकाळी ९
भाषण तयार आहे. झालं गेलं विसरू. वही शेवटी कामाला आली. इत्यादी.

८ मार्च, दुपारी
ती आपणहून आली. बाहेर कडाक्याचा वारा आणि अंगात साधा सदरा. निळं जाकीट, स्वतः शिवलेलं, होबार्टच्या बाईला शेवटच्या दोन कार्डांसाठी देऊन आली होती. हातात बुटांचं खोकं. त्यातून माझी एकोणचाळीस कार्डं काढून टेबलावर मांडायला लागली. मला वाटलं, प्रदर्शन. पण ती ओळी जुळवत होती. सफरचंदाच्या जेलीच्या कृतीचं वरचं टोक एका कार्डावर, खालचं दुसऱ्यावर, मधलं कुठेच नाही.

भाषण आठवेना. मी राखून ठेवलेलं चाळिसावं पुढे केलं. तिने घेतलं, आपलं एक मला दिलं, नियमाप्रमाणे. मग अकरा वर्षांनी बोलली. म्हणाली, नेव्ह, बाकीची वही कुठाय?

नेव्ह म्हणाली. आई गेल्यापासून मला कुणी नेव्ह म्हटलेलं नाही.

मी म्हणालो, घरी आहे.

ती एकदम खाली बसली. म्हणाली, मला ठेवून घ्यायची नाहीये रे ती. उतरवून घेते आणि परत देते. तिन्ही पत्रांत हेच तर लिहिलं होतं, वाचली नाहीस का? तू नाताळला आणलेलं सामान फ्रिजमध्ये जायचं आणि आई त्या वहीत काय काय लिहीत बसायची. तिचं ऐकून मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. म्हणालो, मंगळवारी पोस्टात टाकतो. तिने फोन नंबर लिहून दिला आणि थोडीशी हसली.

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण ती हसली होती.

९ मार्च, संध्याकाळी
घरी. पिवळ्या झाकणाचा डबा उघडून बघितला. दोन आठवड्यांपूर्वीच रद्दीचा ट्रक येऊन गेलाय हे मला माहीत होतं. तरी बघितला.

एखादं पान मागे पडलं असेल म्हणून वॉशिंग मशीन सरकवलं. एक मोजा.

१० मार्च
संकल्प: फोन करून खरं सांगायचं. आज मंगळवार. पोस्ट लवकर बंद होतं.

११ मार्च
रेंज नाही. 

१२ मार्च
घरचा फोन तारेचा आहे, त्याला रेंज लागत नाही. उद्या नक्की.

१३ मार्च, सकाळी १०.२०
तिचाच फोन आला. सांगितलं. डबा, ट्रक, सगळं.

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. मग हळूच विचारलं, कापायच्या आधी वाचली तरी असशील ना सगळी?

मी म्हणालो, हो.

ती म्हणाली, बरं. मग असं करू. थांब, पेन घेते. खण उघडल्याचा आवाज आला, खुर्ची ओढल्याचा आला. म्हणाली, घाई नको करूस, आठवेल तसं सांग, मी लिहून घेते. हं, नेव्ह, बोल.

मी एकही पान वाचलेलं नाही.