सूनबाईचं कॉलेज

माझ्या थोरल्या लेका, आईचा आशीर्वाद.

सैन्यातर्फे घरातल्या एकाला फुकट शिकता येतं, तिथे तू धाकट्याचं नाव दिलंस. कॉलेजचा विषय काढला की तो मोटरसायकल पुसायला घेतो. "आई, तूच सांग ना दादाला, माझी छाती होत नाही," म्हणतो. इकडे तुझ्या बायकोने अर्धवट राहिलेल्या नर्सिंगची पुस्तकं अजून डब्यांमागे जपून ठेवली आहेत. तू निवृत्त झालास की नाव बदलता येणार नाही, हे तिनेच चौकशी करून मला सांगितलं. तुला मात्र सांगू देत नाही.

काल फोनवर मीच बोलले, तर तू हसलास. "या वयात ती काय शिकणार?" अरे, मी साठीत आपली आपण अक्षरं गिरवली, आणि तिचं वय गेलं? फोन स्पीकरवर होता, बाबा. ती समोरच भाजी चिरत होती. मान वर न करता म्हणाली, "आई, त्यांचं जेवण झालं का विचारा."

मी विचारलं. तू हो म्हणालास. माझा नुसता जळफळाट झाला.

हे पत्र पाठवलं तर तिनेच लिहायला लावलं म्हणशील, म्हणून पाठवत नाही. रविवारी तुझा फोन येईल तेव्हा धाकट्याला हाताला धरून शेजारी बसवते. "मला नको, वहिनीला द्या," हे त्याच्या तोंडून वदवल्याशिवाय मी त्याला उठू देणार नाही.

तुझ्यावर रागावलेली,
आई